‘पाच किलो पेलतो’ एवढ्यावर ट्रायपॉड घेऊ नका

थंडी पडली की पहाटे गाड्या धुपदाळ बंधाऱ्याकडे आणि हिडकल धरणाच्या पाण्याकडे वळतात, आणि त्याच सुमारास बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या पक्षी-ताऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: ‘दुर्बिणीला किंवा स्पॉटिंग स्कोपला (एका डोळ्यानं बघायच्या मोठ्या पटीच्या दुर्बिणीला) वेगळा ट्रायपॉड लागत नाही. खोक्यावर पाच किलो लिहिलं असेल तर दोन किलोचा स्कोप आरामात बसतो. हेड (पायांवर बसणारा, स्कोप धरून वळणारा भाग) बॉलहेडच, म्हणजे गोळ्यावर फिरणारं, घ्या. उंची कमी पडली तर मधला दांडा वर काढा, हललं तर पिशवी टांगा. दुर्बिणीला आटे असतातच, कुठलाही बोल्ट चालतो.’

आधी ते पाच किलो. हा आकडा काढायची सगळ्या कंपन्यांना बांधील अशी एक पद्धत नाही. फार तर एवढ्या वजनाला ट्रायपॉड मोडणार किंवा बसणार नाही, इतकंच त्यातून कळतं. तो थरथरणार नाही असं कुणी लिहून दिलेलं नसतं, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं. पुढचं भिंग ८० मिमीचं असलेला स्कोप पावणेदोन किलोच्या आसपास भरतो, ते वजन पेलणं अवघड नाही. अवघड आहे ती त्याची पट पेलणं, कारण चित्राबरोबर थरथरही तेवढ्याच पटीनं मोठी दिसते. समजा आयपीस (डोळा लावायचं भिंग) हेडपासून १५ सेंमी मागे आहे आणि डोळा टेकल्यावर तो ०.१ मिमी, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीइतका, खाली दबला. तेवढ्यानं स्कोपचा रोख ५०० मीटरवर फूटभर सरकतो. उभ्या कांड्या करकोच्याच्या उंचीचा हा साधारण तिसरा हिस्सा झाला. ६० पटीवर तीच हालचाल डोळ्याला सव्वादोन अंशांची दिसते, पौर्णिमेच्या चंद्राच्या चौपटीहून जास्त. १० पटीच्या दुर्बिणीत ती चंद्राच्या रुंदीएवढीही नसते. म्हणून ज्या ट्रायपॉडवर १०×५० दुर्बीण छान चालली, त्याच्यावर स्कोप चालेलच असं नाही.

घेताना बघायची ती पायाची सर्वांत खालची, सर्वांत बारीक नळी. पत्रा तेवढ्याच जाडीचा ठेवून नळी १६ मिमीऐवजी २२ मिमीची घेतली, तर ताठपणा अडीच पटीच्या पुढे जातो. चार-पाच टप्प्यांच्या पायापेक्षा तीन टप्प्यांचा पाय बरा. तो पिशवीत लांब पडतो हे खरं, पण बॅगेत मावणं हा निकष प्रवाशाचा, पक्षी बघणाऱ्याचा नव्हे. पाय लांबवताना जाड टप्पे आधी उघडायचे, बारीक टप्पा शेवटी, तोही लागला तरच.

दुकानातच तपासून घ्या. स्कोप बसवा, ३०-४० पटीवर समोरची पाटी धरा, स्कोपच्या नळीवर बोटानं टिचकी मारा आणि मोजा. एक-दोन आकड्यांत अक्षर थांबलं तर ठीक. तीन मोजूनही थरथर राहिली तर ट्रायपॉड परत ठेवा. (कन्नड पाटी असेल तर उत्तमच, त्या गोल वळणांवर थरथर चटकन दिसते.) एक खबरदारी घ्या. उन्हं वर आल्यावर काळ्या रानावरची हवाच लहरू लागते, तिचा दोष ट्रायपॉडला देऊ नका. सगळं चित्र एकदम हललं तर ट्रायपॉड, चित्राचे तुकडे पाण्यासारखे वेगवेगळे हलले तर हवा. हवा लहरत असताना पट कमी करणं एवढाच उपाय.

‘बॉलहेडच घ्या.’ हा सल्ला कॅमेऱ्याच्या जगातून उचललेला आहे. कॅमेऱ्याला चौकट लावून थांबायचं असतं, स्कोपला उडत्या थव्यामागे फिरायचं असतं. बॉलहेडचा खटका सैल केला की सगळ्या दिशा एकदम मोकळ्या होतात: स्कोप पुढे किंवा मागे लोंबतो, क्षितिज तिरकं होतं, आणि आवळताना नेमका धरलेला पक्षी चौकटीबाहेर घसरतो. हातातून निसटलाच तर स्कोप धाडकन कलंडतो आणि बोट चिमटतं. स्कोपला एका दांड्याचं व्हिडिओ हेड, म्हणजे फ्लुइड हेड घ्यावं. आडवी आणि उभी हालचाल वेगवेगळी घट्ट करता आली पाहिजे, आणि दांडा सोडल्यावर स्कोप सोडला तिथंच राहिला पाहिजे. स्वस्त हेडवर ‘फ्लुइड’ लिहिलेलं असतं आणि आत नुसतं ग्रीस असतं. ओळखायची खूण अशी: विजेच्या खांबाच्या टोकावर रोख धरा आणि दांडा सोडा. खांब चौकटीत मागे उसळला तर ते हेड नको.

प्लेटही (स्कोपखाली स्क्रूनं बसणारी पट्टी) व्हिडिओ हेडचीच, लांबट, पुढे-मागे सरकणारी घ्या. आयपीसवर मोबाइल अडकवला की मागे दोन-तीनशे ग्रॅम वाढतात. मग स्कोप प्लेटसकट तितका पुढे सरकवायचा, नुसतं हेड आवळत बसायचं नाही. स्कोपच्या पायात स्क्रूशेजारी बारीक भोक असेल तर प्लेटवरची पिन त्यात बसवा. नाहीतर बुचाच्या अस्तरावर स्कोप हळूहळू गोल फिरतो आणि स्क्रू सैल पडतो.

उंचीचं म्हणणं सरसकट चुकीचं. मधला दांडा हा एका टोकाला धरलेला बार आहे. दुप्पट बाहेर काढला की तेवढ्याच धक्क्याला तो आठपट वाकतो. दांडा न काढता उंची पुरली पाहिजे. सरळ आयपीसच्या दुर्बिणीनं समोरचं बघायचं तर आपल्या डोळ्याच्या उंचीतून हेड आणि अडॅप्टरचे (दुर्बीण हेडवर बसवायच्या एल आकाराच्या तुकड्याचे) १५-२० सेंमी वजा करा, तेवढी नुसत्या पायांची उंची हवी. १६५ सेंमी उंचीच्या माणसाला ती १३५ च्या आसपास येते. तारे बघायचे तर आणखी १५-२० सेंमी, कारण दुर्बीण वर रोखली की आयपीस खाली जातो. तरी डोक्यावरच्या आकाशाला ट्रायपॉड नकोच, मान मोडते. त्यासाठी आरामखुर्ची किंवा प्रतिवजनाचा समांतरभुज माउंट (दुर्बीण धरणारी, मागे वजन लावलेली हलती चौकट). ४५ अंशात वळलेल्या आयपीसचा स्कोप याउलट बुटक्या ट्रायपॉडवर चालतो आणि लहान-मोठ्या सगळ्यांना बघता येतो.

पिशवी टांगायचं अर्धं खरं आहे. वजन उपयोगी पडतं, पण लोंबती पिशवी वाऱ्यात घड्याळाच्या लंबकासारखी झुलते आणि उलट तीच हलवते. तिचं बूड जमिनीला टेकलेलं ठेवा. जांबोटी-चोर्ल्याच्या जांभ्या सड्यावर टोकदार पाय लावा. हिडकलच्या उतरलेल्या पाण्यातल्या काळ्या चिखलात मात्र तेच पाय रुततात, तिथं खाली फळकुटं द्या.

राहिला बोल्ट, आणि नुकसान होतं ते इथंच. दुर्बिणीच्या बिजागरीच्या पुढच्या टोकाला टोपण असतं, ते फिरवून काढलं की आटे दिसतात (काही छोट्या दुर्बिणींना ते नसतातच, त्यांना पट्ट्यानं बांधायचा माउंट लागतो). हे आटे पाव इंची, म्हणजे कारखान्याच्या बोलीत दोन सुती, इंचाला २०. हेड पायांवर बसतं ते बहुधा तीन सुतीवर, इंचाला १६. नेहमीचा एम-६ बोल्ट ६ मिमीचा आणि त्याच्या दोन आट्यांतलं अंतर १ मिमी. इथं हवेत ६.३५ आणि १.२७. तो दोन फेरे जातो, अडतो, आणि पाना लावून पुढे रेटला की दुर्बिणीतले ॲल्युमिनियमचे आटे खाऊन टाकतो. जुना व्हिटवर्थ पाव इंची बोल्ट चालतो: त्याच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा आणि दुर्बिणीतल्या आट्याचा ६० चा, पण इंचाला आटे दोन्हीकडे २०.

एल-अडॅप्टर प्लॅस्टिकचा घेऊ नका. रूफ प्रिझमच्या, म्हणजे सरळ नळ्यांच्या दुर्बिणीत दोन नळ्यांमधली फट अरुंद असते, म्हणून आपल्या डोळ्यांच्या अंतराला दुर्बीण मिटवून अडॅप्टर आत जातो का ते आधी बघा. जात नसेल तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमचा बारीक मानेचा करून घ्या. त्याला सांगताना ‘दोन सुती, वीस आटे’ म्हणा, आणि बोल्टची लांबी मापून द्या: आगकाडी भोकात तळापर्यंत घाला, कडेशी नखानं खूण करा, अडॅप्टरच्या बाहेर बोल्ट त्याहून १ मिमी कमीच यायला हवा.