कात्रीचा हात शाबूत होता

दिवाळी आठ दिवसांवर आली होती आणि अप्पांच्या दुकानात वीस-पंचवीस ब्लाऊज कापायचे बाकी होते. सकाळी तोंड धुताना त्यांच्या डाव्या हातातून तांब्या निसटला. आई धावत गेली तर तोंड एका बाजूला ओढलेलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, अंगावरून वारं गेलं." लकव्यावर झाडपाला देणाऱ्या एका गावाचं नावही लगेच कुणीतरी सांगितलं. माझ्या भावाने कुणाचं ऐकून घेतलं नाही, गाडी काढली आणि त्यांना थेट मिरजेला नेलं. दोन तासांत सीटी स्कॅन झालं, पक्षाघाताचा झटका आहे हे कळलं आणि मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरू झालं. ते साधारण साडेचार तासांच्या आत मिळावं लागतं, कारण मोठी रक्तवाहिनी बंद पडली की मेंदूतल्या सुमारे १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात. हे मला नंतर कळलं. भावाला तेव्हाही ठाऊक नव्हतं, त्याने फक्त वेळ घालवला नाही.

महिन्याभरात अप्पा काठी घेऊन चालायला लागले. बोलणं स्पष्ट होतं. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच म्हणायचा, थोडक्यात निभावलं, कात्रीचा हात तरी शाबूत राहिला. आम्हीही तेच म्हणत होतो. आईने नवस फेडला.

अडीच महिन्यांनी अप्पांनी दुकानाचं शटर वर केलं. त्या दिवशी मी माहेरी होते, म्हणून त्यांच्या शेजारी स्टुलावर जाऊन बसले. खणाचा ब्लाऊज होता. वहीत माप लिहिलेलं होतं: उंची, छाती, मुंढा, बाही, पुढचा गळा, मागचा गळा. एरवी अप्पा त्या वहीकडे एकदा बघायचे आणि पाच मिनिटांत खडू फिरवून मोकळे व्हायचे. त्या दिवशी त्यांनी कापड चार वेळा उलगडलं आणि चार वेळा घडी घातलं. वहीकडे बघायचे, कापडाकडे बघायचे, पुन्हा वहीकडे. शेवटी कापलं. दोन्ही बाह्या एकाच बाजूच्या कापल्या गेल्या होत्या. छत्तीस वर्षं कात्री चालवलेला माणूस! त्यांनी दोन्ही तुकडे हातात धरले, एकमेकांवर ठेवले, फिरवून पाहिले. मग कापड गुंडाळून मशीनच्या खणात टाकलं आणि म्हणाले, "चल घरी."

त्यानंतर ते दुकानात गेले नाहीत.

पुढचे चार महिने आम्ही जे वागलो ते इथे लिहिणं मला जड जातंय, पण लिहिते. आम्ही त्यांना बोललो. आधी प्रेमाने आणि मग वैतागून. "अप्पा, मन रमवा जरा." "एवढं मनाला लावून घेऊ नका." "हात चालतोय, पाय चालतोय, मग अडतंय कुठे?" ते दिवसभर पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. क्रिकेटची मॅच लावली तरी मान वळवायचे नाहीत. माझी मुलगी खोलीत आली की ढसाढसा रडायचे आणि मिनिटाभरात थांबायचे. आईला वाटायचं, हट्टीपणा आहे. भावाला वाटायचं, आळस. मला वाटायचं, आजारपणात माणूस लाडावतो. एक दिवस आईला काजं करायला बटणं हवी होती म्हणून तिने बटणांचा डबा उघडला, तर तळाशी रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या. मोजल्या तर सव्वा महिन्याच्या निघाल्या. विचारलं तेव्हा अप्पा एवढंच म्हणाले, "आता काय करायच्यात गोळ्या."

पहिल्या हॉस्पिटलवर माझा राग नाही, त्यांनी जीव वाचवला. पण घरी सोडताना दिलेल्या कागदावर गोळ्या होत्या, फिजिओथेरपी होती, मिठाचं पथ्य होतं. मनाबद्दल आणि बुद्धीबद्दल एक अक्षर नव्हतं. तुमचा माणूस पूर्वीसारखा विचार करू शकणार नाही कदाचित, उदास होईल कदाचित, तसं दिसलं तर घेऊन या, एवढं एक वाक्य कुणी बोललं असतं तर आमचे चार महिने वाचले असते.

मग आम्ही अप्पांना दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हाताची ताकद पाहिली आणि मग अप्पांपुढे कोरा कागद ठेवला. म्हणाले, एक गोल घड्याळ काढा आणि त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. अप्पांनी गोल काढला, आकडे घातले. मग एक काटा ११ वर नेला आणि दुसरा १० वर. मी बाजूलाच होते, माझ्या पोटात खड्डा पडला. दहा मिनिटांसाठी काटा दोनवर जातो हे अप्पांना ठाऊक नव्हतं असं नाही. ऐकलेल्या 'दहा'चं घड्याळावरचं 'दोन' करायचं, एवढी मधली पायरी मेंदू चढत नव्हता. वहीतल्या मापाचं कापडावरच्या रेषेत रूपांतर करतानाही तीच पायरी लागते. डॉक्टर म्हणाले, यांचा झटका उजव्या मेंदूला आला आहे. जागेचा, दिशेचा अंदाज बराचसा तिथे असतो. दोन्ही बाह्या एका बाजूच्या का झाल्या ते मला त्या खुर्चीत बसून कळलं. अप्पा आळशी झाले नव्हते. त्यांच्या मेंदूला जखम झाली होती आणि त्या जखमेला आम्ही स्वभाव समजत होतो.

नंतर मी जमेल तेवढं वाचलं. पक्षाघातातून वाचलेल्या दर तिघांपैकी साधारण एकाला पुढे कधी ना कधी नैराश्य येतं. दर तिघांपैकी एक! ते केवळ 'आपण परावलंबी झालो' या दुःखातून येत नाही. मन सांभाळणारे मेंदूतले धागेच काही ठिकाणी तुटलेले असू शकतात, शिवाय दुःख असतंच. काहींना दुःख नसतं, पण उठून काही करावंसं वाटतच नाही, तो वेगळा प्रकार. अप्पांचं ते अचानक रडणंही नेहमी दुःखाचं नसतं. रडण्या-हसण्यावरचा मेंदूचा लगाम सैल झाल्यानेही तसं होतं. बाहेरून बघणाऱ्याला हे सगळं एकच दिसतं आणि आपल्याकडे त्याला नाव एकच आहे: खचला.

उदास माणसाचं लक्ष लागत नाही, त्यामुळे त्याची बुद्धी आहे त्याहून मंद वाटते. ज्याची बुद्धी खरोखर अडखळते आहे त्याला ते समजतं आणि तो उदास होतो. दोन्ही गोष्टी एकमेकींना ओढत खाली नेतात. म्हणून दोन्ही तपासाव्या लागतात, एक बघून भागत नाही.

मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती दुसऱ्या झटक्याची. पहिल्या पक्षाघातानंतर साधारण दहातल्या एकाला नव्याने डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश होतो. पुन्हा झटका आलेल्यांमध्ये डिमेन्शिया असण्याचं प्रमाण एक तृतीयांशाच्या वर जातं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २००९ साली अनेक अभ्यास एकत्र करून हे मांडलं. म्हणजे बटणांच्या डब्यातल्या त्या गोळ्या नुसत्या रक्तदाबाच्या नव्हत्या, अप्पांच्या उरलेल्या बुद्धीची राखण त्यांच्यावर होती. आणि त्या डब्यात गेल्या होत्या नैराश्यामुळे. मन, मेंदू आणि रक्तवाहिन्या वेगवेगळ्या फाईलमध्ये ठेवता येत नाहीत हे मला त्या डब्याने शिकवलं.

कुणी म्हणेल, मग सगळ्यांनाच नैराश्याची गोळी सुरू करावी. तसंही नाही. ब्रिटनमध्ये पक्षाघाताच्या तीन हजारांहून जास्त रुग्णांपैकी निम्म्यांना सरसकट फ्लुओक्सेटिन ही नैराश्याची गोळी आणि निम्म्यांना नकली गोळी देऊन पाहिलं. २०१८ च्या शेवटी निष्कर्ष आले: नैराश्य कमी जणांना आलं, पण हातापायाची आणि रोजच्या व्यवहाराची सुधारणा काही वाढली नाही, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण थोडं वाढलं. ज्याला गरज आहे त्यालाच, डॉक्टरांनी बघून द्यायची गोष्ट आहे ती. अप्पांना गरज होती. सहा आठवड्यांनी त्यांनी स्वतःहून पेपर मागितला.

आणि एक. हैदराबादच्या निजाम इन्स्टिट्यूटमध्ये पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०१६ साली आला. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांपैकी ४०.५ टक्के लोकांची बुद्धी झटक्यानंतर ठीकठाक राहिली होती, एकच भाषा बोलणाऱ्यांत १९.६ टक्के. आमचं मूळ गाव जत तालुक्यातलं, अप्पांचं आजोळ कानडी. आईला हे सांगितल्यापासून ती त्यांच्याशी हट्टाने कन्नडमध्ये बोलते. झटका येऊन गेल्यावर बोललेली भाषा औषध होत नाही, हे मला कळतं. पण बाजारातले भाव कन्नडमध्ये सांगितल्यावर अप्पा तिच्या चुका काढतात, आणि चुका काढणारे अप्पा मला हवेत.

आईबद्दल लिहायचंच राहत होतं. अप्पांना विचारायला सगळे येतात. ती रात्री तीनदा उठते, तिचं वजन सात किलो उतरलं, हे मला फोटो बघून समजलं. तिला मी टेली-मानस या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावून दिला. सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. पहिल्या दिवशी ती अर्धा तास नुसती रडली.

तुमच्या घरात कुणी पक्षाघातातून उठलं असेल तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांना स्वतः विचारा: यांचं मन तपासलंत का, स्मरणशक्ती आणि आखणी तपासलीत का? ते विचारतील याची वाट बघू नका. आणि कृपा करून त्या माणसाला 'मनाला लावून घेऊ नका' म्हणू नका. आम्ही म्हटलं होतं.

अप्पांसाठी आता भिंतीवर मोठ्या अक्षरात पायऱ्या लिहून लावल्यात. कापड दुहेरी घाल. खूण कर. खूण पुन्हा बघ. मग काप. ब्लाऊज अजून जमत नाही, कदाचित जमणारही नाही. मागच्या आठवड्यात त्यांनी माझ्या मुलीसाठी परकर शिवला. त्याला दोन दिवस लागले. नेफा उलट बाजूला दुमडला गेला, नाडी बाहेरून दिसते. ती तोच परकर घालून अंगणभर गिरक्या घेत होती आणि अप्पा पायरीवर बसून घेर बरोबर पडलाय का ते बघत होते.