नाकाचा शेंडा आणि एफ १.२

मला जवळचे दिसेनासे होऊन आता ८ वर्षे झाली. वर्तमानपत्र लांब धरून वाचता वाचता एके दिवशी हाताचीच लांबी पुरेनाशी झाली, तेव्हा मी निमूटपणे चाळिशी लावली. हे सुरुवातीलाच सांगण्याचे कारण असे की, ज्या माणसाच्या स्वतःच्या डोळ्यांना आपोआप फोकस करता येत नाही, त्याने हाताने फोकस करायची लेन्स विकत घ्यावी, ही कल्पना मी सोडून घरातल्या सर्वांना फार विनोदी वाटली होती.

निमित्त पुतण्याच्या मुंजीचे होते. माझ्याजवळ २०१४ साली बाजारात आलेल्या जातीचा एक छोटा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, कॅमेरा आहे, आणि त्याच्याबरोबर मिळालेली साधी झूम लेन्सही आहे. ही लेन्स उन्हात गुणी असते. पण आमच्या ठाण्यातल्या मंगल कार्यालयात, जिथे निम्म्या ट्यूबलाइट लग्नाच्या मोसमापुरत्याच जाग्या होतात, तिथे तिला काहीही दिसत नाही. ५० मिलिमीटरवर नेली की तिचे उजेड आत घेणारे छिद्र जास्तीत जास्त एफ ५.६पर्यंत उघडते. छिद्राचा व्यास म्हणजे फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा; तो जितका मोठा, तितके दृश्य जवळ येते) भागिले हा एफचा आकडा, एवढे गणित मला येते. त्या हिशेबाने हे छिद्र जेमतेम ९ मिलिमीटरचे, म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढे होते. त्याऐवजी ५० मिलिमीटर एफ १.२ची लेन्स घेतली, तर छिद्र सुमारे ४२ मिलिमीटरचे, म्हणजे बुंदीच्या लाडवाएवढे होते आणि वीसपटीहून जास्त उजेड आत येतो. हरभरा आणि लाडू यांत निवड करायची असेल, तर मुंजीच्या घरचा माणूस काय निवडणार, हे उघड आहे.

अशा लेन्सला फास्ट लेन्स म्हणतात, हे मी पत्नीला सांगितले.

"फास्ट म्हणजे? पटापट फोटो काढते का?" तिने विचारले.

"नाही. उजेड भरपूर घेते, म्हणून शटर पटकन मिटता येते."

"आणि फोकस?"

"तो मी करायचा. हाताने."

"अहो, म्हणजे लेन्स वेगवान आणि बाकी सगळे तुमच्यावर," असे म्हणून ती भाजी निवडू लागली. पुढच्या दोन महिन्यांत मी या विषयावर जे शेकडो परिच्छेद वाचले, त्यांत यापेक्षा नेमके वर्णन मला आढळले नाही.

हाताने फोकस करण्याचा हट्ट अर्थातच तत्त्वाचा नव्हता, खिशाचा होता. आपोआप फोकस करणाऱ्या एफ १.२च्या लेन्सची किंमत पाहिल्यावर मी ती खिडकी अशा घाईने बंद केली, की शेजारी बसलेल्या मुलीला भलताच संशय आला. मात्र त्याच छिद्राची, पण मोटर नसलेली, कॅमेऱ्याशी बोलणारी इलेक्ट्रॉनिक चिप नसलेली, नुसती धातूची नळी, काचा आणि दोन फिरत्या कड्या असलेली लेन्स त्याच्या अंशभर किमतीत मिळते. सेव्हन आर्टिझन्स, टीटी आर्टिझन, मायके, मिटाकॉन अशा चिनी नावांनी गेल्या काही वर्षांत हा बाजार भरून टाकला आहे. मोटर काढून टाकल्यावर तिचे काम कोणाकडे जाते, हा प्रश्न किंमत पाहणाऱ्याला त्या क्षणी सुचत नाही.

निवड मात्र सोपी नव्हती. पहिला पेच ३५ की ५० हा होता. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी पाटी, जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या 'फुल फ्रेम'पेक्षा लहान असल्यामुळे प्रत्येक आकड्याला दीडने गुणावे लागते. म्हणजे ३५ची लेन्स ५२ची होते आणि ५०ची ७५ची. चेहऱ्यासाठी ७५ उत्तम, असे सगळे जाणकार सांगतात. पण हे जाणकार आमच्या दहा बाय बाराच्या दिवाणखान्यात राहत नाहीत. घरी झूम लेन्स ५०वर ठेवून मी आईचा डोक्यापासून पायापर्यंतचा फोटो आडव्या चौकटीत घ्यायचे ठरवले आणि मागे सरकत सरकत गॅलरीत पोहोचलो, तिथून तुळशीच्या कुंडीला टेकलो आणि तरीही आईच्या पावलांना चौकटीत जागा मिळेना. आईने शांतपणे सुचवले, "मीच खाली जाऊन रस्त्यावर उभी राहते, तू वरून काढ."

दुसरा पेच छिद्राचा होता. एफ १.४, १.२ की ०.९५? आकडा लहान होत जातो तशी माणसाची हाव वाढत जाते, हे छायाचित्रणाखेरीज फक्त परीक्षेतल्या गुणवत्ता क्रमांकाच्या बाबतीतच दिसते. १.४वरून १.२वर गेल्यास उजेड जेमतेम एकतृतीयांशाने वाढतो, मात्र १.४वाल्या माणसाला १.२वाला ज्या नजरेने पाहतो, तिचे मोजमाप कुठल्याही एककात करता येत नाही. ०.९५ ही तर राजघराण्याची गोष्ट. कॅननने १९६१ साली ५० मिलिमीटर एफ ०.९५ची लेन्स काढली होती आणि तिला आजही लोक 'ड्रीम लेन्स' म्हणतात. आता ०.९५ची चिनी लेन्सही मिळते, पण तिची किंमत 'परवडणारी' या शब्दाच्या कुंपणावर बसलेली असते. मी कुंपणाच्या आतच राहायचे ठरवले.

इतक्यात एका सहकाऱ्याने माझ्या आयुष्यात जुन्या लेन्सांचा प्रवेश घडवून आणला, आणि तीन आठवडे वाया गेले. मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नसल्यामुळे लेन्सचे बूड आणि सेन्सर यांत फार थोडे अंतर असते. माझ्या कॅमेऱ्यात ते १८ मिलिमीटर आहे. जुन्या, ४२ मिलिमीटर आट्यांच्या लेन्सांना मात्र ४५.४६ मिलिमीटर अंतर लागते, कारण तेव्हा मध्ये आरसा हलत असे. उरलेल्या २७ आणि काही मिलिमीटरची पोकळ नळी मध्ये बसवली, की अर्ध्या शतकापूर्वीची लेन्स आजच्या कॅमेऱ्यावर चालू लागते. हे वाचल्यावर मला रात्री झोप येईना. सोव्हिएत हेलिओस ४४-२, ५८ मिलिमीटर, एफ २, जिच्या फोटोत मागची पाने भोवऱ्यासारखी गोल फिरतात! आणि जपानी सुपर टाकुमार, ५० मिलिमीटर, एफ १.४!

टाकुमारच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली. तिच्या काही आवृत्त्यांच्या काचेत थोरियम असते, त्यामुळे काच वर्षानुवर्षांत पिवळी पडते, आणि ती बरेच दिवस उन्हात ठेवली की पिवळेपणा उतरतो, ही माहिती मी जेवताना उत्साहाने सांगितली. तेव्हा एप्रिल चालू होता आणि गच्चीवर पापड, कुरडया आणि सांडगे वाळत होते.

"थोरियम म्हणजे ते अणुभट्टीतले?" मुलीने विचारले. ती बारावीला विज्ञान घेऊन बसली होती, हे मी विसरलो होतो.

"अगदी किंचित असते गं."

"आणि ती लेन्स तुम्ही माझ्या पापडांशेजारी ठेवणार?" पत्नीने विचारले. टाकुमारचा विषय त्या घासापाशीच संपला.

हेलिओस उरली होती. तिच्यासाठी मी एका शनिवारी फोर्टातल्या बोरा बाजारात गेलो. बरोबर छोटी टॉर्च नेली होती, कारण जुनी लेन्स घेताना ती एका बाजूने टॉर्च लावून दुसऱ्या बाजूने पाहावी, म्हणजे आतली बुरशी दिसते, असे मी वाचले होते. एका दुकानदाराने लेन्स पुढे केली. मी तिच्यात टॉर्च मारली आणि घसा तपासणाऱ्या डॉक्टरांसारखा एक डोळा मिटून आत पाहिले. आत कोळ्याच्या जाळ्यासारखी, अतिशय सुबक नक्षी पसरलेली होती. मुंबईच्या पावसाळ्यात ज्या लेन्सने दमट कपाटात काही वर्षे काढली, तिच्यात दुसरे काय सापडणार? "फोटोत येत नाही ती, साहेब," दुकानदार म्हणाला. मी ती नाकारून दुसरी पाहिली, तिच्यात नक्षी वेगळी होती. तिसरीच्या वेळी मी टॉर्च लावली नाही, कारण मला ती आवडू लागली होती आणि सत्य जाणून घेण्याचे धैर्य उरले नव्हते. सुदैवाने तिची फोकसची कडी फिरेना, म्हणून वाचलो.

शेवटी मी नवीच, ५० मिलिमीटर एफ १.२ची चिनी लेन्स मागवली. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडले त्यात तिचा काडीमात्र दोष नव्हता. लेन्स सुरेख होती. हातात घेतल्यावर पितळी अडकित्त्याचा वजनदारपणा जाणवत होता. मी ती कॅमेऱ्यावर चढवली, बटण दाबले आणि काहीच झाले नाही. कॅमेऱ्याचे म्हणणे असे पडले की, त्याच्यावर लेन्सच नाही. मी काढून पुन्हा लावली, फुंकर मारली, बॅटरी बदलली, तरी तो आपल्या मतावर ठाम होता. चिप नसलेली लेन्स त्याच्या लेखी नसल्यासारखीच असते, आणि 'लेन्स नसतानाही फोटो काढू दे' अशी परवानगी मेन्यूत जाऊन द्यावी लागते, हे मुलीने दीड मिनिटात शोधून काढले. तेव्हापासून पडद्यावर एफच्या पुढे दोन आडव्या रेघा दिसतात. पैसे मोजून आणलेल्या वस्तूचे अस्तित्व घरातले यंत्रसुद्धा मानत नाही, ही भावना पचवायला थोडा वेळ लागला.

मग सराव सुरू झाला. एफ १.२ला, एक मीटर अंतरावरून, फोकसमध्ये येणारी जागा जेमतेम २ सेंटिमीटर खोल असते. माणसाच्या नाकाचा शेंडा आणि डोळा यांत साधारण त्याहून जास्त अंतर असते, ही शरीरशास्त्रातली गोष्ट मी त्या आठवड्यात शिकलो. आईचे नाक, पत्नीचे नाक, मुलीचे नाक, वरच्या मजल्यावरच्या काकांचे नाक, अशी माझ्याकडे आमच्या इमारतीतल्या नाकांची एक अतिशय स्पष्ट मालिका तयार झाली, आणि प्रत्येक नाकामागे दोन धूसर डोळे माफ केल्यासारखे माझ्याकडे पाहत होते. डोळा साधावा, तर समोरचे माणूस श्वास घेते आणि डोळा मागेपुढे होतो. श्वास रोखायला सांगावा, तर फोटोत श्वास रोखलेला माणूस येतो.

त्यातच उघड्या छिद्रावर फोटो किंचित दुधाळ येतो, आणि स्टीलच्या भांड्यांच्या कडांना जांभळी किनार चढते. २.८पर्यंत छिद्र मिटवले, की सगळे लख्ख होते आणि फोकसही सापडतो. हा शोध मी पत्नीला सांगितला.

"मग २.८चीच का नाही घेतली?" तिने विचारले. मी लेन्स पुसायला घेतली.

मुंजीच्या दिवशी मात्र कार्यालयातला उजेड पाहून मी १.२वरच राहिलो. कॅमेऱ्यात फोकस पीकिंग नावाची सोय आहे. जे फोकसमध्ये असेल त्याच्या कडांवर लाल रेघा चमकतात. खरे म्हणजे ती फक्त उजेड आणि अंधार यांतला ठळक फरक शोधते, आणि मुंजीत असा फरक सर्वांत ठळक कुठे असतो, तर पैठणीच्या काठावर. त्यामुळे समोरून कोणतीही काकू गेली, की माझा सगळा पडदा लाल होई आणि आत बटू कुठे आहे ते दिसेना.

मंगलाष्टके सुरू झाली. अंतरपाटाच्या एका बाजूला माझा धाकटा भाऊ आणि दुसऱ्या बाजूला बटू होता. अंतरपाट दूर होताच बापलेक एकमेकांकडे पाहतात, तो क्षण टिपायचा म्हणून मी आधीच नेम धरून बसलो. धरायला समोर काही तरी हवे, म्हणून अंतरपाटावरच्या कुंकवाच्या स्वस्तिकावर फोकस पक्का केला. शेवटचे 'सावधान' झाले, वाजंत्री कडाडली, अंतरपाट दूर झाला, आणि ज्यावर मी फोकस केला होता ती वस्तूच तिथे उरली नाही. माझ्या फोटोत अक्षतांचे दाणे हवेत एकेक मोजता येतात. त्यांच्यामागे पिता आणि पुत्र धुक्यातल्या दोन डोंगरांसारखे आहेत.

त्याआधी, मातृभोजनाच्या वेळीही, मी असाच निश्चय केला होता. ताटापासून एक मीटरवर मांडी ठोकली, चाळिशी कपाळावर सरकवली आणि कड्या फिरवण्यापलीकडे दुसरा विचार मनात येऊ दिला नाही. आईने मुलाला शेवटचा घास भरवावा, अष्टवर्गातल्या बटूंनी आशेने लाडवांकडे पाहावे, आणि भावजयीच्या डोळ्यांत पाणी यावे, असा तो प्रसंग. तिने लाडू उचलला, बटूने तोंड उघडले, मी श्वास रोखला आणि लागोपाठ सहा फोटो काढले.

रात्री ते संगणकावर मोठे करून सर्वांनी पाहिले. भावजय धूसर होती. बटू धूसर होता. मध्ये लाडू मात्र असा आला होता, की बुंदीचा एकेक दाणा, त्यावरची तुपाची चकाकी, आणि एका बाजूने अर्धा बाहेर आलेला बेदाणा, सगळे हात पुढे करून उचलावेसे वाटावे.

"दादा, छान आलाय," भाऊ बऱ्याच वेळाने म्हणाला, आणि काय छान आले आहे ते त्याने सांगितले नाही.

परवा त्या मुंजीच्या आचाऱ्याचा मला फोन आला. त्याला भावाने तो फोटो पाठवला होता. नवीन कार्ड छापायला टाकतो आहे, त्यावर तो घालू का, असे त्याने फार अदबीने विचारले. आणि माझी हरकत नसेल, तर पुढच्या महिन्यात जिलबीचाही एक काढून द्याल का, म्हणाला. जिलबी एकाच पातळीत, ताटात सपाट पडलेली असते. मी लगेच हो म्हटले.