दक्षिणेचं तिकीट दिसलं म्हणून तो नाकेबंदीचा लिफाफा ठरत नाही

अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेतल्या फुटून निघालेल्या राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी केली होती. त्या काळातले लिफाफे विकायला निघाले की सोबत एक मजकूर हमखास फिरतो: दक्षिणेची बाहेर जाणारी-येणारी सगळी पत्रं नाकेबंदी फोडणाऱ्या बोटींतून चोरून, फुकट जात, आणि दक्षिणेचं तिकीट हा त्याचा पुरावा. तिन्ही गोष्टी चुकीच्या.

‘सगळी’ नव्हेत. उत्तरेतल्या नातलगांसाठी पांढऱ्या निशाणाखाली टपालाची अधिकृत अदलाबदल चाले, मुख्यतः व्हर्जिनियातल्या, उत्तरेच्या ताब्यातल्या फोर्ट मन्रो किल्ल्यामार्गे. एकच पान, मजकूर घरगुती, तपासणीसाठी लिफाफा उघडा. नाकेबंदीतून जाई ते बहुतेक युरोपशी होणाऱ्या व्यवहाराचं टपाल. बोटींचा खरा धंदा कापसाचा होता (त्याच कापसाच्या टंचाईने मुंबईचे व्यापारी तेव्हा गब्बर झाले). पत्रांची पिशवी सोबत जाई.

फुकट तर मुळीच नाही. नासाउ किंवा बर्म्युडा या ब्रिटिश बेटांवरच्या बंदरांहून आलेली पत्रं कप्तान दक्षिणेतल्या विल्मिंग्टन वा चार्ल्सटन बंदराच्या टपाल कचेरीत देई. तिथे ‘शिप’ किंवा ‘स्टीमशिप’ शिक्का बसे आणि २ सेंट जहाजशुल्क अधिक देशांतर्गत दर वसूल होई. १ जुलै १८६२पूर्वी ५०० मैलांच्या आत ५, पुढे १० सेंट. नंतर सरसकट १०. म्हणून लिफाफ्यावर ७ किंवा १२चा आकडा दिसतो, दुप्पट वजनाला २२.

तिकिटाचा गैरसमज सर्वांत महागात पडतो. दक्षिणेतून लिव्हरपूलला जायचं पत्र दुसऱ्या लिफाफ्यात घालून नासाउच्या आडत्याच्या नावे पाठवत. दक्षिणेचं तिकीट लागलंच तर बाहेरच्या लिफाफ्याला, बंदरापर्यंतच्या प्रवासासाठी. आडत्या तो फाडून टाकी, आतल्या पत्राचं ब्रिटिश टपाल भरी आणि कधी मागे आपला शिक्का मारी. पुढे ते बरेचदा कुनार्ड या ब्रिटिश कंपनीच्या बोटीने थेट न्यूयॉर्कमार्गे जाई, म्हणजे शत्रूच्याच बंदरातून! तेव्हा बाहेर गेलेल्या अस्सल लिफाफ्यावर दक्षिणेचं तिकीट बहुधा नसतंच.

शाईने लिहिलेल्या जहाजाच्या नावावर तर विसंबूच नका. ते कुणीही मागाहून लिहू शकतं. शिक्क्याची तारीख त्या बोटीच्या फेरीशी ताडून पाहा. विल्मिंग्टन बंदराची राखण करणारा फोर्ट फिशर किल्ला १५ जानेवारी १८६५ला पडला आणि नाकेबंदी फोडून तिथे येणं बंद झालं. फेब्रुवारीत विल्मिंग्टनला ‘उतरलेलं’ पत्र कुणी दाखवलं, तर पैसे खिशातच ठेवा.