गाळाखाली राहणारा कार्बन
चीनच्या लोएस पठारावरील (वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक मातीच्या पठारावरील) घळींत घातलेल्या छोट्या बांधांमुळे जमिनीत कार्बन साठतो, असे एका लेखात वाचले आणि हा मुद्दा पटतो. मात्र कार्बन कसा साठतो, हे त्या लेखात अधिक सविस्तर यायला हवे होते. उतारावरून पावसाबरोबर वाहणाऱ्या मातीत सेंद्रिय कार्बन असतो, आणि ती माती तिथल्या पीत नदीत (ह्वांग हो) जाण्याऐवजी बांधामागे थरावर थर साचली, की खालच्या थरांना प्राणवायू कमी मिळून सूक्ष्मजीवांकडून होणारे विघटन मंदावते. विसाव्या शतकाच्या मध्यास ही नदी वर्षाला सुमारे १६० कोटी टन गाळ वाहून नेत असे, हे पाहता या कामाचे मोल कळते. गाळाने भरलेल्या सपाट, ओलसर जमिनीत मका पिकतो, हा लाभही मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. परंतु बांध फुटल्यास साठलेली माती पुन्हा वाहून जाते. म्हणून जुन्या बांधांच्या डागडुजीसाठी नियमित तरतूद हवीच.