दुकानमालकाचं उत्तर: कासवाच्या पिल्लाला दोन दिवे कशासाठी

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला, फोटोही नीट पाहिला. आमच्याकडून दोन दिवे (एक यूव्हीबीचा, म्हणजे उन्हात असतात त्या अतिनील किरणांचा, आणि दुसरा उष्णतेचा) घेऊनही सल्काटा कासवाच्या पिल्लाचं कवच मऊ पडलं, त्याने खाणं सोडलं, म्हणजे एक दिवा आम्ही उगाच गळ्यात मारला, असं तुम्ही लिहिलंय. पैशांचं शेवटी बोलू.

आधी पिल्लू. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे आज-उद्यात न्या. ही लक्षणं कॅल्शियम कमी पडल्याची असू शकतात, आणि ते दुकानदाराला विचारून घरी निस्तरायचं काम नाही. तोवर तोंडात काही कोंबू नका. अंग गार असलं की कासवाला अन्न पचत नाही. आधी ऊब द्या, मग हनुवटी बुडणार नाही इतक्या कोमट पाण्यात थोडा वेळ बसवा.

आता फोटोबद्दल. यूव्हीबीची ट्यूब तुम्ही फिशटँकच्या काचेच्या झाकणावर ठेवली आहे. काचेतून उजेड जातो, पण यूव्हीबी जवळजवळ सगळं अडतं. बंद खिडकीतलं ऊन रोज दाखवूनही उपयोग झाला नाही, तो यामुळेच. ट्यूब चांगली असली तरी पिल्लापर्यंत तिचं काही पोचलेलंच नाही. ती टाकीच्या आत, वरून लावायची; बाजूने लावली तर डोळ्यांना त्रास होतो.

‘आपल्याकडे एवढं ऊन, मग उष्णतेचा दिवा कशाला,’ असं तुम्ही विचारलंत. यूव्हीबीमुळे कातडीत जे तयार होतं, त्याचं ड जीवनसत्त्व व्हायला अंगात ऊब लागते. ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. म्हणून दोन्ही दिवे एकाच बाजूला हवेत, तुमच्या फोटोत ते दोन टोकांना आहेत. दिव्याखाली 35 अंशांच्या आसपास आणि लांबच्या टोकाला 26-27 ठेवा, म्हणजे पिल्लू हवं तिकडे सरकेल. सल्काटा हे आफ्रिकेतल्या साहेल भागातलं कासव, ते शीतनिद्रा घेत नाही. ‘थंडीमुळे झोपलंय’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गार असतात, तेव्हा थर्मोस्टॅट जोडलेला सिरॅमिक हीटर लावा. रात्रीचा तो लाल बल्ब मात्र काढाच, पिल्लाला रात्री अंधार हवा.

टाकी अगदी कोरडी ठेवू नका. कोरड्या हवेत पिल्लाचं कवच उंचवट्यांनी वाढतं. काकडी-टोमॅटो थांबवा. हरळी, जास्वंदीची पानं, थोडा शेवग्याचा पाला द्या. काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, तो किसून वर भुरभुरा.

पिल्लाचे कागद मागितल्याचा तुम्हाला राग आला. आम्ही प्राणी विकत नाही, फक्त सामान विकतो, तरीही विचारतो. आपलं तारा कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, ते घरात ठेवता येत नाही. सल्काटासारख्या परदेशी जातीची नोंद 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. तुमचे कागद ठीक होते, पण पुढच्या गिऱ्हाइकालाही आम्ही विचारणारच.

पैशांचं असं करू. ट्यूब घेऊन या, तुमच्यासमोर मीटरवर मोजू. ट्यूबपासून पिल्लाची पाठ जेवढी लांब असेल तेवढ्या अंतरावर यूव्ही निर्देशांक 3 च्या आसपास यायला हवा. कमी निघाला तर ट्यूब बदलून देऊ. उष्णतेचा दिवा परत करायचाच असेल तर तोही घेऊ, पण पिल्लासाठी तो ठेवावा असं मनापासून वाटतं.

सोमवारी दुकान बंद असतं, बाकी दिवशी सकाळी 11 ते रात्री 8. दुकानात येताना पिल्लाला प्रवास घडवू नका, टाकीचं माप तेवढं आणा. काचेऐवजी जाळीचं झाकण करून देतो. जाळीही थोडं यूव्हीबी अडवते, म्हणून ट्यूब जाळीखाली बसवायच्या क्लिपा सोबत देईन.