बातमी लाल की हिरवी?

आमच्या सरकारी खात्यात रोज वर्तमानपत्रांतल्या बातम्यांचा तक्ता होतो, त्यात मूळचे नऊ रकाने. अनुक्रमांक, वृत्तपत्र, आवृत्ती, पान, मथळा, आकार, स्वरूप, संबंधित अधिकारी आणि केलेली कार्यवाही. स्वरूप म्हणजे सकारात्मक, नकारात्मक किंवा तटस्थ. हिरवा, लाल, पिवळा. हा तक्ता कात्रणांसकट सकाळी साडेआठच्या आत ग्रुपवर पडला पाहिजे आणि तो पाडण्याचं काम माझं. आता मला कुणीतरी दाखवा, या नऊ रकान्यांत 'बातमी खरी आहे का' हे कुठे लिहायचं? ती सोयच नाही. मी सुचवून पाहिलं. उत्तर आलं, "मॅडम, फॉरमॅट वरून आलाय." वरून म्हणजे नक्की कुठून, हे विचारायचं नसतं. आमच्याकडे पाऊस आणि फॉरमॅट दोन्ही वरूनच येतात.

खातं कुठलं ते सांगत नाही, नोकरी अजून बरीच शिल्लक आहे. विषय पाण्याचा, एवढं पुरे.

उन्हाळ्यात एका जिल्हा आवृत्तीत आतल्या पानावर बातमी आली. घरासमोर नळ, नळाखाली रिकामा हंडा, बाजूला बाई उभी. मथळा, 'नळ आला, पाणी कधी?' मी मुकाट्याने लाल केली. नऊ वाजायच्या आत पीएंचा फोन. पहिला प्रश्न काय असेल? पाणी का नाही? छे! "मॅडम, ही बातमी कुणी दिली?" मग नेहमीचं चक्र सुरू. 'सोबतच्या कात्रणाचे अवलोकन व्हावे. वस्तुस्थितीदर्शक अहवाल आज दुपारी चारपर्यंत सादर करावा.' मंत्रालयातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, तालुक्यातून त्या बिचाऱ्या कनिष्ठ अभियंत्याला. चारला अहवाल हजर: 'सदर गावातील १०० टक्के घरांना नळजोडणी देण्यात आली असून बातमीत तथ्य आढळून येत नाही.'

अहो, नळ आहे हे बातमीतच लिहिलंय! फोटोत दिसतोय तो नळ! नाही ते पाणी. अहवालात पाणी या विषयावर चकार शब्द नाही. राहवेना म्हणून मीच अभियंत्याला फोन लावला. तो म्हणाला, पंपाचं वीजबिल थकलं म्हणून जोडणी तोडलीय, आणि बिल ग्रामपंचायतीने भरायचं असतं, आपल्या अखत्यारीत येत नाही. म्हटलं, मग एवढंच लिहा ना, निदान कुणाला कळेल तरी. तर म्हणे, "साहेब नको म्हणतात." संध्याकाळी खुलासा गेला. दोन दिवसांनी तो कोपऱ्यात छापूनही आला. आणि दुसऱ्या दिवशीच्या तक्त्यात तो खुलासा कुठल्या रंगात भरला माहितीये? हिरव्या. खात्याची बाजू प्रसिद्ध झाली, म्हणजे सकारात्मक प्रसिद्धी. लाल एक, हिरवी एक, फिट्टंफाट! कार्यवाहीच्या रकान्यात 'खुलासा पाठविला' आणि प्रकरण निकाली. पंपाचं काय झालं, हे त्या साखळीतल्या एकानेही एकाला विचारलं नाही.

हिरव्या बातम्यांचं तर विचारूच नका. आम्हीच प्रेसनोट लिहायची, आम्हीच मेल करायची, छोट्या दैनिकांनी ती स्वल्पविरामासकट छापायची (उपसंपादकाला पान भरायचं असतं, त्याचाही दोष नाही), मग आम्हीच ती कापून 'माध्यमांतून योजनेचे स्वागत' म्हणून वर पाठवायची. वर्षअखेरीला यावर कडी होते. सगळ्या हिरव्या कात्रणांचे कॉलम सेंटीमीटर (म्हणजे छापून आलेली जागा) मोजायचे, त्यांना जाहिरातीच्या दराने गुणायचं आणि 'इतक्या रकमेची प्रसिद्धी विनामूल्य मिळाली' असा आकडा सादरीकरणात टाकायचा. ही मोजणी फसवी आहे, हे जनसंपर्क क्षेत्रातल्या लोकांनीच २०१० मध्ये बार्सिलोनात जमून जाहीर केलं. जाहिरातीचा दर हे जनसंपर्काचं मूल्य नव्हे, असं तत्त्वच लिहून ठेवलं. आमच्यापर्यंत ते पोचायचंय अजून. लोकांनी वाचलं का, वाचून काही उपयोग झाला का, अर्ज कुठे करायचा ते कळलं का, याची मोजदाद शून्य. पट्टी लावा आणि गुणाकार करा.

मध्यंतरी कुणाच्या तरी डोक्यात आलं की हे सगळं सॉफ्टवेअर करेल. केलं की! 'पाणी' हा शब्द दिला, तर पहिल्याच यादीत क्रिकेट. अमक्या संघाने तमक्याला पाणी पाजलं, ती बातमी आमच्या खात्यात जमा. 'आश्वासनांवर पाणी फेरले' हीसुद्धा पाणीपुरवठ्याची! 'खात्याच्या तत्परतेला साष्टांग नमस्कार' अशा मथळ्याचं खरपूस स्फुट मशीनने हिरवं करून पाठवलं, आणि साहेबांनी न वाचता अंगठा दिला. त्यात मराठी ई-पेपरच्या कितीतरी पीडीएफ जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या. त्यात शब्द शोधला तर सापडतच नाही, कॉपी केला तर भलतीच अक्षरं येतात. म्हणजे शेवटी डोळे फोडून वाचायचं आम्हीच, फक्त आता सॉफ्टवेअरच्या चुका निस्तरून झाल्यावर. बरं, खऱ्या कामाच्या बातम्या असतात जिल्हा आवृत्तीच्या तिसऱ्या-चौथ्या पानावर. त्या आवृत्त्या मुंबईत येतच नाहीत. तिथला कुणी भला माणूस मोबाईलवर फोटो काढून पाठवेल तेव्हा आम्हाला दिसणार.

अलीकडे फॉरमॅट बदलला. दहावा रकाना वाढला. मला क्षणभर वाटलं, आला एकदाचा खऱ्या-खोट्याचा रकाना! उघडून बघते तर 'बातमीदाराचे नाव व भ्रमणध्वनी'. घ्या.

आणि हे एका खात्याचं खूळ आहे असं समजू नका. मार्च २०२५ मध्ये राज्य शासनाने मीडिया मॉनिटरिंग सेंटर उभारायचा शासन निर्णय काढला. दहा कोटींची तरतूद, सकाळी ८ ते रात्री १० कामकाज, बातम्यांची सकारात्मक-नकारात्मक वर्गवारी, दिशाभूल करणाऱ्या बातमीवर तातडीने खुलासा. दिशाभूल करणारी बातमी खोडून काढा की, कोण नको म्हणतंय? साथीच्या काळात अफवा पसरते तेव्हा खुलासा हवाच, तोही तासाभरात. पण नकारात्मक आणि दिशाभूल करणारी हे एका ओळीत आले की खालच्या माणसाला दोन्ही सारखेच दिसायला लागतात. केंद्राने तर २०१८ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत माणसं नेमून समाजमाध्यमांवर नजर ठेवणारं 'हब' काढायचं ठरवलं होतं. हे पाळत ठेवणारं राज्य होईल, असं सर्वोच्च न्यायालयाने सुनावल्यावर त्या ऑगस्टमध्ये प्रस्ताव गुंडाळला. पुढे २०२३ मध्ये केंद्राच्या कारभाराबद्दलचा ऑनलाइन मजकूर खोटा की खरा, हे केंद्राच्याच कक्षाने ठरवायचं, असा नियम केला. तो मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला. म्हणजे खरं-खोटं करायची हौस येते ती अशी. स्वतःच फिर्यादी, स्वतःच न्यायाधीश. आमच्या साध्या तक्त्यात मात्र त्याला जागा नाही!

इंग्रजांचंच उदाहरण घ्या. मुंबई इलाख्यात 'रिपोर्ट ऑन नेटिव्ह पेपर्स' नावाचा गोपनीय साप्ताहिक अहवाल निघायचा. देशी पत्रांतले मजकूर इंग्रजीत उतरवून साहेबांपुढे ठेवायचे. हेतू काही पवित्र नव्हता; १८९७ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला तो 'केसरी'तल्या मजकुरावरूनच. पण निदान पत्र काय म्हणतंय ते त्यात उतरवलेलं असायचं. दुष्काळ, सारा, प्लेग, लोकांची गाऱ्हाणी. आज इतिहासकार ते अहवाल चाळतात. आमचे तक्ते शंभर वर्षांनी कुणी चाळले तर त्याला काय कळणार? की अमुक तारखेला सात लाल होत्या.

मला बातम्यांवर लक्ष ठेवण्याचा राग नाही हो. उलट ठेवा, नीट ठेवा. कात्रण म्हणजे फुकटची तपासणी. कुणीतरी स्वतःचं पेट्रोल जाळून गावात गेलाय, टाकीत डोकावलाय, फोटो काढून आणलाय. आपल्या अधिकाऱ्याच्या दौऱ्यात रांगोळी असते, वार्ताहराच्या फेरीत नसते. एकाच तालुक्यातून तीन महिन्यांत पाच वेळा थकीत वीजबिलाची बातमी आली, तर तो प्रसिद्धीचा प्रश्न आहे की बिलाचा? कात्रणं गावावार आणि कारणावार लावली तर पुढच्या उन्हाळ्यात कुठे बोंब होणार ते आजच दिसेल. आम्ही लावतो तारखेवार आणि रंगावार. आणि महिना संपला की लाल कमी झाल्या म्हणून अभिनंदन. त्या महिन्यात दोन वार्ताहरांची बदली झाली होती, बाकी काही घडलं नव्हतं.

लोक मूर्ख नाहीत, त्यांनी ही मेख ओळखलीय. लेखी अर्ज दिला की आवकचा शिक्का बसतो आणि महिनोन् महिने पोच सोडून काही येत नाही. ऑनलाइन तक्रार केली तर 'संबंधितांकडे वर्ग' होऊन बंद दाखवतात. तोच मजकूर छापून आला की सकाळी नऊपासून जिल्हा पळायला लागतो. परवा एका सरपंचबाईंचा फोन आला, टाकी गळतेय म्हणून. एकदम मुद्द्यावरच आल्या: "मॅडम, अर्ज देऊ की बातमी लावू?" नियमाने मी अर्ज द्या म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, बातमी लावा, फोटो मोठा घ्या, आणि फोटोत गळणारं पाणी नीट दिसू द्या, नाहीतर 'टाकी अस्तित्वात असल्याचे आढळले' म्हणून चारच्या आत अहवाल येईल.