तिकीट काढून उभं राहायचं?

उन्हाळा जवळ आला की लंडनला येणाऱ्या नातेवाइकांचे मेसेज सुरू होतात आणि त्यात ग्लोबबद्दल, म्हणजे इथल्या शेक्सपिअरच्या थिएटरबद्दल, एक प्रश्न ठरलेला असतो: "ग्लोबचं काय गं? खरंच बघण्यासारखं आहे, की नुसतंच टुरिस्टांसाठी?" दरवेळी तेच तेच टाइप करून कंटाळा आलाय, म्हणून एकदाच इथे सविस्तर लिहून ठेवते.

आधी नावं ठेवणाऱ्यांचं ऐकू. ते म्हणतात, हे थिएटर नकली आहे. आहेच! शेक्सपिअरच्या मंडळीने 1599 साली थेम्स नदीच्या दक्षिण काठावर जे ग्लोब उभारलं, ते 29 जून 1613 ला जळालं. आठव्या हेन्रीच्या नाटकाचा प्रयोग चालू होता, राजाच्या प्रवेशाला तोफ उडवली आणि ठिणगी थेट छपराच्या गवतात गेली. त्या वेळच्या एका पत्रात लिहिलंय की एका गृहस्थाची विजार पेटली आणि ती बाटलीतली बिअर ओतून विझवली. पुढच्याच वर्षी कौलं घालून थिएटर परत उभं राहिलं. 1642 मध्ये पार्लमेंटने नाटकांवरच बंदी आणली आणि मग ती इमारतही पाडली गेली. आज आपण बघतो ते ग्लोब 1997 चं. तेसुद्धा मूळ जागेवर नाही. मूळ जागा तिथून दोनेकशे मीटरवर, पार्क स्ट्रीटला, एका संरक्षित इमारतीच्या पोटात आहे.

हे नवं ग्लोब उभं राहिलं ते एका अमेरिकन नटाच्या हट्टापायी. सॅम वॉनामेकर 1949 साली लंडनला आला, मोठ्या उत्साहाने ग्लोबची जागा शोधत गेला, तर तिथे बिअरच्या कारखान्याच्या भिंतीवर फक्त एक पाटी! इंग्रजांना तीनशे वर्षं जे सुचलं नाही ते या शिकागोच्या माणसाने मनावर घेतलं. 1970 मध्ये ट्रस्ट काढला. पुढची वीस-बावीस वर्षं पैसे गोळा करण्यात आणि जागेसाठी कौन्सिलशी कोर्टात भांडण्यात गेली. डिसेंबर 1993 मध्ये तो वारला, उद्घाटन काही बघायला मिळालं नाही.

नक्कल म्हणाल तर तीही अंदाजपंचेच, पण अंदाज अभ्यासाचा. हॉलर नावाच्या चित्रकाराने सतराव्या शतकात काढलेलं लंडनचं चित्र आहे. त्यात ग्लोब आणि शेजारचा अस्वलांच्या झुंजींचा आखाडा यांच्या नावांचीच अदलाबदल झालीये. फॉर्च्यून नावाच्या दुसऱ्या थिएटरचा 1600 सालचा करारनामा शिल्लक आहे, त्यात रंगमंच 43 फूट रुंद असावा आणि बाकी बरंचसं ग्लोबसारखं करावं असं म्हटलंय. 1989 मध्ये जवळच त्याच काळातल्या रोझ थिएटरचा पाया सापडला. या सगळ्यावरून गणित मांडलं. ओकची ओली लाकडं, खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या, भिंतींना बकऱ्याचे केस घातलेला चुन्याचा गिलावा. वर गवताचं छप्पर, 1666 च्या आगीनंतर लंडनमध्ये परवानगी मिळालेलं पहिलंच. अर्थात त्याच छपरावर आता पाण्याचे फवारे बसवलेत. विजारी पेटायचे दिवस गेले.

पण खरं सांगू का, लाकूड कुठलं आणि गिलावा कशाचा याने मला फारसा फरक पडत नाही. त्यासाठी तिथली गाइडेड टूर आहे, घ्या हवी तर. मी तिथे जाते ते एकाच कारणासाठी: तिथे नटाला मी दिसते.

आपल्याला नाटक म्हणजे अंधार, अशी सवय झालीये. तिसरी घंटा झाली की दिवे मालवायचे आणि मग फक्त रंगमंच उजळलेला. नटाला समोर काळोख दिसतो. ग्लोबमध्ये दुपारचा खेळ असतो तेव्हा वर उघडं आभाळ, तोच उजेड त्याच्यावर आणि तोच तुमच्यावर. ही नाटकं अशाच उजेडासाठी लिहिलीयेत, हे घरी पुस्तक वाचून कधी जाणवत नाही. हॅम्लेट स्वतःशीच बोलतो असं आपण कॉलेजात शिकलो. 'मी भ्याड आहे का? कोण मला नीच म्हणतंय?' हे वाक्य तो समोर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांत बघून विचारतो, तेव्हा कळतं की हे स्वगत वगैरे काही नाही, हा चक्क प्रश्न आहे. माणूस गडबडतो, कोणी मान हलवतं, कोणी ओशाळं हसतं, आणि नट त्या हसण्याला धरून पुढचं वाक्य टाकतो. 'सोनेरी ज्वाळांनी मढवलेलं हे छत' असं म्हणताना तो नुसता वर हात करतो. वर खरंच सूर्य, चंद्र, राशी रंगवलेलं छत असतं, आणि त्याच्या कडेपलीकडे खरं आभाळ.

मॅकबेथची काळोखी रात्र भर दुपारी अडीच वाजता बघणं हा तर वेगळाच प्रकार. कोणीतरी मशाल घेऊन येतो, अडखळत चालतो, झाली रात्र! आपल्याकडे दशावतारात नट हातवारे आणि बोलणं यांवर राजवाड्याचं जंगल करतो, त्याला तरी कुठे सेट लागतो?

ही सगळी मजा अंगणात उभं राहिलं तर. मधलं मोकळं अंगण उभ्या प्रेक्षकांसाठी, तिथे सातशेच्या आसपास माणसं मावतात आणि चारही बाजूंनी तीन मजली गॅलऱ्या. उभं राहायचं तिकीट कित्येक वर्षं पाच पौंडांना होतं. आता वाढलं असलं, तरी लंडनच्या वेस्ट एंडमधल्या बड्या थिएटरांच्या मानाने किरकोळच. गंमत म्हणजे सगळ्यात स्वस्त तिकीटवाला रंगमंचाच्या कडेला कोपर टेकून उभा असतो आणि महागडं तिकीटवाला लांब, पाठ नसलेल्या बाकावर, समोर रंगमंचाचा भलामोठा खांब.

माझे सासरे आले होते तेव्हा मी अंगणातली तिकिटं काढली. "अगं, पैसे देऊन उभं राहायचं? एसटीत राहतो तेवढं पुरे आहे की!" "बाबा, दहा मिनिटं बघा, नाहीतर निघू." नाटक विनोदी होतं, 'मच अडू अबाउट नथिंग', ते ज्यात बेनेडिक लपून मित्रांचं बोलणं ऐकतो. तर तो नट रंगमंचावरून खाली उतरला, गर्दीत घुसला आणि थेट बाबांच्या मागे दडला, दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर ठेवून. वरचे मित्र शोधतायत, हा बाबांना जरा डावीकडे सरकवतोय, जरा उजवीकडे सरकवतोय, अख्खं थिएटर हसतंय. बाबा ताठ उभे, श्वास रोखून, शाळेत कवायतीला उभे राहतात तसे. इंग्रजी किती कळलं देव जाणे, पण शेवटपर्यंत बसायचं नाव काढलं नाही. पुण्याला गेल्यावर त्यांनी सगळ्यांना सांगितलं की लंडनच्या नाटकात छोटंसं काम केलं.

संध्याकाळच्या खेळाला दिवे लावतात, पण प्रेक्षकांवरही सारखाच उजेड राहील असे. 2016 मध्ये एमा राइस ग्लोबच्या कलात्मक संचालक (आर्टिस्टिक डायरेक्टर) म्हणून आल्या आणि त्यांनी आधुनिक प्रकाशयोजना, ध्वनियंत्रणा आणली. प्रयोग गर्दी खेचत होते. तरी त्याच वर्षी संचालक मंडळाने जाहीर केलं की त्या 2018 मध्ये जातील आणि ग्लोब पुन्हा सामाईक उजेडाकडे वळेल. तेव्हा नाट्यवर्तुळात बरीच खडाजंगी झाली. बाईंशी वागणं बरं नव्हतं असं मलाही वाटतं, पण दिव्यांच्या मुद्द्यावर मी मंडळाच्या बाजूने आहे. रंगीत दिवे लंडनमध्ये शंभर ठिकाणी मिळतात. त्यासाठी हे एवढं लाकूड कापायची गरज नव्हती.

एक खंत मात्र आहे. 2012 मध्ये तिथे शेक्सपिअरची 37 नाटकं 37 भाषांत झाली. हिंदीत 'ट्वेल्फ्थ नाइट'चं 'पिया बहरूपिया', गुजरातीत सुनील शानबागांचं नाटक. हिंदीतली नायिका व्हायोला आपली गीतांजली कुलकर्णी होती. पण मराठी त्या यादीत नव्हती. 1883 मध्ये आगरकरांनी हॅम्लेट मराठीत आणला, देवलांच्या 'झुंझारराव'ने ऑथेल्लो रंगभूमीवर गाजवला, वन्समोअर आला की आमचे गायक नट प्रेक्षकांकडे बघून पद पुन्हा म्हणायचे. त्या अंगणात आपली माणसं किती सहज रमली असती! कोणी निर्माते वाचत असतील तर बघा बुवा.

आता कामाचं. दुपारचा खेळ घ्या. खेळ साधारण एप्रिल ते ऑक्टोबर, त्यामुळे दिवाळीत येऊन विचारू नका. अर्धा-पाऊण तास आधी पोहोचा, म्हणजे रंगमंचाची कड मिळेल. छत्री उघडू देत नाहीत, पाऊस आला तर प्लास्टिकचा रेनकोट. अंगणात खाली बसू देत नाहीत, तिथले स्वयंसेवक गोड बोलून पण लगेच उठवतात. पाणी प्या, काहीतरी खाऊन जा. रक्तपाताचं 'टायटस' लागलेलं असेल तर पोट बिलकुल रिकामं नको, त्या प्रयोगांना धडधाकट माणसं चक्कर येऊन पडलेली आहेत. विमानं, हेलिकॉप्टरं वरून जातात, कबुतरं रंगमंचावर फिरतात, त्याची तक्रार करायची नाही. शोकांतिका असली तरी शेवटी मेलेलेसुद्धा उठून सगळ्यांबरोबर नाचतात, तेव्हा पडदा पडला समजून ट्यूब ट्रेन गाठायला पळू नका.

गुडघे दुखत असतील तर बसायचं तिकीट काढा, त्यात कमीपणा काही नाही. उशी भाड्याने मिळते, ती घ्याच. नाही घेतली आणि कंबर धरली तर मला फोन करायचा नाही.